2400 की 400? लँडिंगच्या वेळी रेडिओवर होणारे घोळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बारामतीत फ्लाइंग शिकतोय. टॉवरने सांगितलेलं सगळं परत म्हणून दाखवायला लावतात, नुसतं ‘रॉजर’ म्हटलं की इन्स्ट्रक्टर चिडतात. एवढं कशाला?

बरोबर चिडतात ते. ‘रॉजर’ म्हणजे तुमचं बोलणं पोचलं एवढंच, नेमकं काय पोचलं ते त्यातून कंट्रोलरला कळत नाही.

19 फेब्रुवारी 1989 ची गोष्ट आहे, फ्लाइंग टायगरचं 66 नंबरचं कार्गो विमान, बोइंग 747, सिंगापूरहून क्वालालंपूरला येत होतं. कंट्रोलरला त्याला 2400 फुटांवर आणायचं होतं आणि तो म्हणाला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. यातला ‘टू’ हा दोनचा आकडा होता, पण कॉकपिटमध्ये तो ‘पर्यंत’ असा ऐकला गेला आणि उरले नुसते 400 फूट. पायलटने रीडबॅकही दिला, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवलं, ‘ओके, फोर झीरो झीरो’. म्हणजे चूक उघड उघड रेडिओवर आली होती, तिथेच कंट्रोलरने अडवलं असतं तर विषय संपला असता, पण त्याने ती पकडली नाही. जमीन जवळ आल्याचा अलार्म वाजला तरी क्रू वेळेत वर चढला नाही आणि विमान एका टेकडीवर 437 फुटांवर आदळलं. चौघंही गेले.

म्हणून उंची पूर्ण म्हणायची, ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’. उंची, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), स्पीड, क्यूएनएच (उंची मोजण्यासाठी लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड आणि रनवेशी संबंधित काहीही असेल तर रीडबॅक हवाच, सोबत आपला कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव. आणि रीडबॅक दिला की काम झालं असं नाही, कंट्रोलरने तो खरंच ऐकायला हवा. माझ्या मते जास्त घोळ इथेच होतात, कारण तुमचा रीडबॅक येईपर्यंत त्याचं लक्ष पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं आणि माणसाला जे अपेक्षित असतं तेच ऐकू येतं.

प्रश्न : मुंबईवर विमान अर्धा-अर्धा तास घिरट्या घालतं. इंधन संपत आलं तर पायलट सांगतो ना? (ठाणे)

सांगतो, आणि घिरट्यांसाठीचं इंधन धरूनच निघतात, त्यामुळे घाबरू नका. पण तुमचा प्रश्न अगदी वर्मावरचा आहे, कारण ‘सांगणे’ म्हणजे नेमकं काय यावरूनच 73 माणसं गेली आहेत.

25 जानेवारी 1990, आव्हियांका या विमान कंपनीचं 52 नंबरचं उड्डाण, कोलंबियाहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाला येणारं बोइंग 707. हवा खराब, विमानांची रांग, या विमानाला तीन ठिकाणी मिळून 1 तास 17 मिनिटं थांबवून ठेवलं होतं. रेडिओवर को-पायलट बोलत होता. त्याने सांगितलं होतं की आता आम्ही पर्यायी विमानतळ असलेल्या बोस्टनलाही जाऊ शकत नाही, इंधन संपेल, पण हे एका कंट्रोलरला सांगितलं आणि पुढे ज्याच्या हातात विमान गेलं त्याच्यापर्यंत ते पोचलंच नाही. पहिलं लँडिंग वाऱ्यामुळे जमलं नाही, परत वर जावं लागलं. कॅप्टन स्पॅनिशमध्ये को-पायलटला सांगतोय की त्यांना सांग इमर्जन्सी आहे, आणि को-पायलट रेडिओवर हेडिंगचा रीडबॅक देतो आणि शेवटी जोडल्यासारखं म्हणतो की परत प्रयत्न करतो, इंधन संपत चाललंय. कंट्रोलर म्हणतो ओके. त्या रात्री कमी इंधनाच्या गोष्टी सगळेच करत होते, त्याला वेगळं काही वाटलं नाही. नंतर कंट्रोलरने विचारलंही होतं की तुम्हाला थोडं लांबून वळवून आणतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल का, तर उत्तर आलं, चालेल बहुतेक, थँक्यू. काही मिनिटांत इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 85 वाचले, टाक्या कोरड्या होत्या म्हणून आग लागली नाही.

मला यात त्या को-पायलटवर सगळं ढकलणं पटत नाही. पण ‘मेडे’ हा गंभीर संकटाचा शब्द ठरवून ठेवलाय तो याचसाठी, तो कानावर पडला की कंट्रोलर बाकी सगळं बाजूला सारतो, गयावया करून तेवढं होत नाही. 2012 पासून तर आंतरराष्ट्रीय नियमात शब्द पक्के आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आता आणखी उशीर झाला तर राखीव इंधनाला हात लागेल, आणि ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’ म्हणजे हात लागणारच.

प्रश्न : हे सगळं इंग्रजीमुळे होतं ना? मग आपल्याकडे हिंदीत का नाही बोलत? (नागपूर)

थोडं होतं, पण सगळं नाही. वरच्या फ्लाइंग टायगरचे पायलट अमेरिकन होते, इंग्रजी त्यांची मातृभाषाच!

भाषेचा भाग असलेली आपल्याकडची घटना म्हणजे चरखी दादरी, 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीत उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायला सांगितलं होतं, समोरून सौदी अरेबियाचं 747 येत होतं 14,000 वर, आणि कझाक विमान 15,000 च्या खाली आलं, दोन्ही हवेतच धडकली. 349 माणसं, एकही वाचला नाही. कझाक विमानात इंग्रजी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं होतं, म्हणजे विमान उडवणारा वेगळा आणि कंट्रोलरशी बोलणारा वेगळा. आता आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी पायलट आणि कंट्रोलर दोघांनाही इंग्रजीची किमान लेव्हल 4 लागते, सहापैकी, आणि ती दर तीन वर्षांनी परत सिद्ध करावी लागते.

हिंदीचं म्हणाल तर एका फ्रीक्वेन्सीवर सगळी विमानं एकमेकांचं ऐकत असतात. शेजारच्याला कोणती उंची दिली, रनवेवर कोण आहे, हे त्यावरून पायलट डोक्यात चित्र बनवतो. मागे कतारचं किंवा जपानचं विमान असेल आणि पुढचे दोघे हिंदीत बोलायला लागले तर तो बिचारा त्या चित्रातून बाहेरच पडतो.

प्रश्न : ऐन लँडिंगच्या वेळी रेडिओच बंद पडला तर?

ट्रान्सपाँडरवर 7600 टाकतात, कंट्रोलरला स्क्रीनवर लगेच कळतं. टॉवरमधून दिवाही दाखवतात, स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे चक्कर मारत रहा.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. आजच्या काळातही आवाजावर का अवलंबून राहायचं, सरळ मेसेज पाठवा ना!

पाठवतात की, अरबी समुद्रावर मुंबई कंट्रोल आणि विमानं यांच्यात टेक्स्ट मेसेज चालतात. पण मेसेज जायला, वाचायला, उत्तर यायला वेळ लागतो आणि फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, तेवढा वेळ नसतो, शिवाय त्या वेळी पायलटची नजर बाहेर आणि उपकरणांवर हवी.

आणि मजकूर बरोबर पोचला तरी अर्थ चुकू शकतो. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदावर कोस्ट गार्डच्या विमानाला सांगितलं होतं ‘नंबर वन’, सी-5 होल्डिंग पॉइंटपर्यंत (रनवेच्या अलीकडे थांबायच्या जागेपर्यंत) या. ‘नंबर वन’ म्हणजे टेकऑफच्या रांगेत पहिले. रीडबॅक अगदी बरोबर आला, तरीही ते विमान थेट रनवेवर जाऊन उभं राहिलं आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं एअरबस त्याच्यावर आदळलं. कोस्ट गार्डच्या सहापैकी पाच जण गेले, एअरबसमधले 379 च्या 379 बाहेर पडले. त्यानंतर जपानने ‘नंबर वन’ वगैरे रांगेचा क्रमांक सांगणं काही काळ थांबवलं आणि रनवेवर कुणी घुसलंय का हे दाखवणाऱ्या स्क्रीनवर सतत नजर ठेवायला माणूस बसवला.

प्रश्न : माझी मुलगी नवीन को-पायलट आहे. मुंबईत फ्रीक्वेन्सी इतकी बिझी असते की ‘से अगेन’ म्हणायची तिला भीती वाटते, कॅप्टनसमोर तर जास्तच. तिला काय सांगू?

तिला सांगा, विचारच. ‘से अगेन’ला दोन सेकंद लागतात आणि कंट्रोलर वैतागला तरी तो उत्तर देतोच, ते त्याचं काम आहे. दोघांनी वेगवेगळं ऐकलं असेल तर कॉकपिटमध्ये आपसात ठरवून मोकळं व्हायचं नाही, कॅप्टन सीनियर असला तरी नाही, टॉवरलाच विचारायचं. दोघं एकदम बोलले की रेडिओवर नुसती किरकिर येते, अशा वेळी मेसेज आपल्यासाठीच होता असं धरून चालायचं नाही. आणि अगदी खाली येईपर्यंत लँडिंग क्लिअरन्स (उतरण्याची परवानगी) ऐकल्याची खात्री नसेल आणि विचारायलाही फ्रीक्वेन्सी मोकळी मिळत नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जायचं, ते तिनेही मोठ्याने म्हणायचं.