सुरुवात मोठ्या कामापासून नको

तुझ्या प्रश्नात घाई दिसते, आणि ती चांगली आहे. पण 'देवासाठी नेमकं कोणतं मोठं काम करू?' हा प्रश्न सध्या बाजूला ठेव.

बायबलमधलं करिंथकरांस पहिले पत्र 10:31 उघड. येशूचा प्रेषित पौल तिथे म्हणतो, 'खाता, पिता किंवा जे काही करता' ते सगळं देवाच्या गौरवासाठी करा. उदाहरण ताटातलं घेतो, व्यासपीठावरचं नाही. याच करिंथ शहरात तो अक्विल्लाच्या घरी राहून तंबू करत असे (प्रेषितांची कृत्ये 18:3). शिवण उसवली तर गिऱ्हाईक बोलणारच, मग तो प्रेषित का असेना! तेव्हा आधी हातातलं काम नीट कर.

विश्वासात नवीन आलेली माणसं हमखास इथे घसरतात:

- पहिल्याच आठवड्यात पहाटे चारला उठून तासभर प्रार्थनेचा नेम. मी केला होता. नवव्या दिवशी उघड्या शास्त्रावर डोकं टेकून घोरत होतो. पंधरा मिनिटं पुरेत, रोज मात्र हवीत.
- सेवा केली की ती चार लोकांना सांगणं. मत्तय 6 वाच, तिथे येशू दानधर्म गुपचूप करायला सांगतो.
- मंडळीत (चर्चमध्ये) सगळ्यांना 'हो' म्हणणं आणि घरी चिडचिड. घरच्यांना तुझं गाणं नाही, तुझा आवाज चढलेला ऐकू येतो.

चुकलास तर त्याच दिवशी कबूल कर, माफी माग आणि पुढे चल. आठवडाभर स्वतःला कोसत बसलास, तर नजर पुन्हा स्वतःवरच राहते.

पाचारण (देवाची खास कामासाठी हाक), कृपादानं (सेवेसाठी देवाने दिलेली दानं) वगैरे पुढे बघू. आधी मार्काचं शुभवर्तमान वाचून काढ, 16च अध्याय आहेत.