भारतीय पासपोर्टवर चीनमार्गे प्रवास करताना
डिसेंबर 2024 मध्ये चीनने व्हिसाविना थांब्याची मुदत 240 तासांपर्यंत वाढवली असली, तरी त्या सवलतीच्या यादीत भारत नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. आपल्या उपयोगाची आहे ती 24 तासांची सवलत. तिच्यासाठी पुढच्या विमानाचे निश्चित तिकीट हवे आणि ते तिसऱ्या देशाचे हवे, म्हणजे दिल्लीहून शांघायमार्गे टोकियोला जाता येईल, पण शांघायहून दिल्लीलाच परतता येणार नाही. विमानतळाबाहेर पडायचे असल्यास तात्पुरता प्रवेश परवाना घ्यावा लागतो. दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त पडतात खरी, मात्र सामान थेट पुढे जाणार नसेल, तर ती टाळावीत, असे माझे मत आहे. अमेरिकेत तर केवळ विमान बदलायलाही आपल्याला व्हिसा लागतो.