'मी तुमचा सेवक' म्हणणारा अध्यक्ष खरंच सेवक आहे का, हे कसं ओळखावं?

तुमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष प्रत्येक भाषणात 'मी तुमचा सेवक' म्हणतात, सभेनंतर स्वतः चहाचे कप उचलतात, तरी तुम्हाला काहीतरी खटकतंय. मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो, म्हणून उत्तर जरा कागदी वाटेल. कप कोण उचलतं हे मी बघत नाही. अध्यक्षाला 'नाही' म्हणता येतं का, आणि म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं, ते बघतो.

स्वभावावर तर अजिबात जाऊ नका. एक अध्यक्ष तोंडाचे इतके फाटके होते की सभासद त्यांच्या केबिनमध्ये जायला घाबरायचे. पण थकीत कर्जाच्या वसुलीची यादी निघाली तेव्हा तिच्यात पहिलं नाव त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं होतं. उलट गोड बोलणाऱ्यांच्या दप्तरात 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' (म्हणजे विषयपत्रिकेत आधी न दिलेले) या एका ओळीखाली काय काय मंजूर झालेलं असतं, विचारू नका.

या बाबतीत मला गुजरातमधल्या आणंदचे त्रिभुवनदास पटेल फार मोठे वाटतात. 1946 मध्ये पोलसन या खासगी डेअरीच्या मक्तेदारीविरुद्ध खेडा जिल्ह्यात शेतकऱ्यांचा दूध संघ (पुढचा 'अमूल') उभा राहिला, त्याचे ते अध्यक्ष. पण 1949 मध्ये आणंदला आलेल्या वर्गीस कुरियन यांच्या हाती त्यांनी संघाचा कारभार दिला. हा इंजिनिअर तिशीच्याही आतला, केरळचा, गावात कुणाचाच नातलग नाही. राजकारण त्रिभुवनदासांनी आपल्याकडे ठेवलं, रोजच्या कामात लुडबुड केली नाही. गावच्या दूध सोसायटीत दूध सगळ्यांसमोर मोजलं जायचं, फॅट तपासलं जायचं, त्यामुळे विश्वास अध्यक्षाच्या चेहऱ्यावर ठेवायची वेळच येत नसे. सत्तरच्या दशकात ते पायउतार झाले तेव्हा सभासदांनी त्यांना थैली दिली. तिच्यातून त्यांनी खेड्यांतल्या आरोग्यसेवेसाठी ट्रस्ट काढला.

कुरियन यांचं मात्र अवघड आहे. त्यांना स्वार्थी म्हणणं अन्याय होईल, पण गुजरातच्या दूध महासंघाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे 1973 पासून 2006 पर्यंत राहिलं आणि सुटलं ते वादातच. म्हणजे पैशाचा मोह नसलेल्या माणसालाही खुर्ची सोडवत नाही. 'साहेब गेले की संस्था बुडेल' असं लोक कौतुकाने म्हणायला लागले की मी जास्त सावध होतो.

तुमच्याकडे वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते का? अहवाल सभेच्या आधी हातात पडतो का? संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांची कर्जं लेखापरीक्षण अहवालात दिलेली असतात, ती आणि त्यांची थकबाकी वाचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 प्रमाणे ताळेबंद आणि सभेचं इतिवृत्त सभासदाला कार्यालयात फुकट बघता येतं. उद्या जाऊन साधं इतिवृत्त मागा. मिळतं का, किती हेलपाटे पडतात, आणि संध्याकाळी 'कशाला हवं होतं?' म्हणून कुणाचा फोन येतो, ते बघा.