वाचक विचारतात : सरदारांच्या बागेतली आगगाडी

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे इंग्लंडला जाणार आहोत. तिथल्या जुन्या सरदारी वाड्यांच्या आवारात छोट्या आगगाड्या धावतात आणि त्यांत मोठ्या माणसांनाही बसता येते, असे सूनबाई सांगते. ही बागेतली झुकझुक गाडी समजायची, की आपल्या माथेरानसारखी खरी रेल्वे? माझे गुडघे फारसे वाकत नाहीत, म्हणून आधीच विचारून ठेवते.
— एक वाचिका, सातारा

उत्तर : माथेरानची गाडी 2 फुटी रुळांवर धावते आणि तिला नॅरोगेज म्हणतात. आपल्या सूनबाई सांगतात त्या गाड्या त्याहूनही लहान असतात. त्यांच्या दोन रुळांमधले अंतर 15 इंच, सव्वादहा इंच, काही ठिकाणी तर अवघे सव्वासात इंच असते. तरीही त्यांना खेळणे म्हणणे योग्य होणार नाही. वाफेचे इंजिन असेल तर त्यात खराच कोळसा जळतो, बॉयलरवर खराच दाब असतो आणि चालकाला त्याचे काम शिकूनच यावे लागते. मात्र धुराडे दिसले म्हणून इंजिन वाफेचेच आहे, असे धरून चालू नये. ब्लेनहाइम राजवाड्याच्या रेल्वेसाठी 1992 साली बांधलेले ‘सर विन्स्टन चर्चिल’ हे इंजिन दिसते वाफेचे, पण आत आहे डिझेल.

आपल्या गुडघ्यांचा विचार करता रुळांचे हे अंतर आधी विचारून घेणेच बरे. स्टॅफर्डशरमधल्या वेस्टन पार्कसारख्या सव्वासात इंची रेल्वेवर सहसा घोड्यावर बसल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीलगत बसावे लागते, आणि तिथून उठताना नातवंडांचा हात लागेल. हँपशरमधल्या एक्सबरी उद्यानाची रेल्वे सव्वाबारा इंची असून तिच्या डब्यात बाकावर नीट बसता येते. रॉथशिल्ड घराण्याच्या या बागेत लिओपोल्ड डी रॉथशिल्ड यांनी ही रेल्वे घातली आणि ती 2001 साली सुरू झाली. सुमारे 2 किलोमीटरची ही फेरी वसंतात, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपे फुललेली असताना, करावी. उन्हाळ्यात तो बहर ओसरलेला असतो. एसेक्समधल्या ऑडली एंड वाड्यासमोर लॉर्ड ब्रेब्रुक यांनी 1964 साली सव्वादहा इंची रेल्वे सुरू केली. तिचे उद्घाटन मोटार शर्यतीतले नामवंत स्टर्लिंग मॉस यांच्या हस्ते झाले होते. तिथे वाड्याचे आणि रेल्वेचे व्यवस्थापन वेगवेगळे असल्यामुळे तिकिटेही वेगळी काढावी लागतात.

प्रश्न : स्वतःच्याच जमिनीत रेल्वे घालण्याची गरज कोणाला पडावी? ही श्रीमंतांची निव्वळ लहरच नव्हे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : लहर होतीच, पण तिच्यामागे हिशेबही होता. डर्बीशरमधील सर आर्थर हेवूड या जहागीरदाराने 1874 साली डफील्ड बँक येथील आपल्या आवारात 15 इंची रेल्वे घालण्यास आरंभ केला. त्याआधी त्याने 9 इंची रूळ वापरून पाहिले होते. परंतु त्यांवर बसलेला माणूस जरा कलला की डबा डगमगे. ज्यावर माणसे आणि माल दोन्ही निर्धोक नेता येतील असे सर्वांत कमी अंतर 15 इंच, हा निष्कर्ष त्याने स्वतः इंजिने आणि डबे बांधून काढला. शेतमाल, दगड, कोळसा यांच्या वाहतुकीसाठी जमीनदारांनी आणि लष्कराने असली स्वस्त रेल्वे वापरावी, हा त्याचा आग्रह होता. ती दाखवण्यासाठी त्याने त्या चिमुकल्या मार्गावर भोजनाचा आणि झोपण्याचा डबासुद्धा फिरवला, हे मात्र मी लहरीच्याच खात्यात टाकेन.

लष्कराने त्याकडे पाठ फिरवली. मोठी मागणी एकच आली, ती चेशरमधल्या ईटन हॉलच्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरकडून. 1896 साली बाल्डर्टन स्थानकापासून ड्यूकच्या वाड्यापर्यंत सुमारे 3 मैलांचा मार्ग तयार झाला आणि त्यावरून कोळशाच्या वाघिणी व ड्यूकचे पाहुणे दोन्ही जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर तो बंद पडला, 1960 च्या दशकात खुद्द वाडाही पाडला गेला. आता तिथे नव्याने घातलेला छोटा मार्ग आहे आणि बाग लोकांसाठी उघडते त्या मोजक्या दिवशी तो चालतो.

हेवूडच्या कारागिरीचा खरा कस वळणांवर लागला. वाड्याच्या आवारात वळणे अगदी आखूड असतात, त्यामुळे इंजिनाच्या टोकाच्या चाकांचे आस वळणाप्रमाणे थोडे फिरतील अशी योजना त्याने केली होती. आपल्या माथेरानच्या 1907 सालच्या इंजिनांतही, निराळ्या जर्मन पद्धतीने का होईना, याच अडचणीवर असाच तोडगा काढलेला होता. हेवूडने 1894 साली बांधलेले ‘म्युरियल’ हे इंजिन पुढे कंब्रियातील रेव्हनग्लास-एस्कडेल रेल्वेकडे गेले. तिथे 1927 साली त्याला नवे रूप आणि ‘रिव्हर इर्ट’ हे नवे नाव मिळाले. हेवूडचे काम पाहायचे असेल, तर सरदारी बाग सोडून तिथेच जावे.

प्रश्न : आपल्या संस्थानिकांपैकी कोणी असे केले होते का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : होय, बडोद्याच्या गायकवाडांनी. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आमराईभोवती छोट्या रेल्वेचा मार्ग होता आणि राजघराण्यातली मुले त्या गाडीने आवारातल्याच शाळेत जात-येत असत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी अधिक प्रसिद्ध आहे, पण तिच्यात बसत असत त्या सुरया आणि सिगार; त्यामुळे ती आपल्या प्रश्नात मोडत नाही. बडोद्यातल्या त्या शाळेच्या इमारतीत आता महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे आणि दुरुस्त केलेले ते इंजिन तिथे दारातच ठेवलेले आहे.