गणिताच्या शिक्षक प्रशिक्षणांचा वर्गात खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकत्याच रुजू झाला आहात, गणिताच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलंय आणि सहकारी म्हणतायत, "सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं." माझी प्राथमिकला एकोणीस वर्षं झाली. त्यातली चार वर्षं तालुक्याला सुलभक, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणारा, म्हणून उभा राहिलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुर्च्या माहीत आहेत. सहकारी खोटं बोलत नाहीत. पण ते सांगतात तेवढंच खरं नाही.

आधी वाईट काय ते सांगतो. आपल्याकडे प्रशिक्षण वरून झिरपत येतं. राज्याला काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला. वर झालेली चर्चा खाली पोचेपर्यंत पीपीटी तेवढी उरते. एकदा पंचायत समितीच्या सभागृहात 'कृतियुक्त अध्ययन' (हाताने करत करत शिकणं) या विषयावर आम्ही ऐंशी जण सलग दोन तास हाताची घडी घालून बसलो होतो. हसावं की रडावं! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. तास भरतात हो, ते भरायला काय लागतं?

आता उपयोग कधी झाला, ते. एका प्रशिक्षणात मॅडमनी फळ्यावर 'दीड भागिले पाव' एवढंच लिहिलं आणि म्हणाल्या, गणित सोडवू नका, यावर शाब्दिक उदाहरण तयार करा. उत्तर ६ येतं हे सगळ्यांना माहीत होतं. भाजक उलटा करून गुणायचं, पोरांना वर्षानुवर्षं तेच सांगत आलोय. आमच्या गटाने ऐटीत लिहिलं, "दीड भाकरी चौघांत वाटली, तर प्रत्येकाला किती?" मॅडम काही बोलल्या नाहीत. शेजारच्या गटातल्या बाईंनीच विचारलं, "सर, सहा भाकऱ्या आल्या का प्रत्येकाला?" पाव म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून आम्ही सरळ चारने भागून मोकळे झालो होतो. बरोबर उदाहरण किराणा दुकानातलं निघालं: दीड किलो शेंगदाण्यांच्या पाव-पाव किलोच्या पुड्या किती? सहा. भागाकार करून उत्तर मोठं कसं येतं, हा पोरांचा प्रश्न मी तोवर "नियमच आहे तसा" म्हणून उडवून लावायचो. त्या दिवशी मान खाली गेली. आमच्या आज्याला पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) तोंडपाठ होती, त्याने ही चूक केली नसती असं आपलं मला वाटतं.

म्हणजे शिक्षकाला स्वतः गणितात अडकवणारं प्रशिक्षण कामाचं. 'मनोरंजक गणित' म्हणून जादूचे चौरस आणि गाणी घेतात, त्यात दिवस मजेत जातो, पण सोमवारी वर्गात त्यातलं काही हाती लागत नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे पोरांच्या चुका. तुम्ही जाताना वर्गातल्या पाच-सहा वह्या सोबत न्या, चुकलेल्याच. ५२ − २७ = ३५ असं एखाद्या वहीत हमखास सापडेल. "हातचा विसरला" म्हणून आपण लाल फुली मारतो. तो काहीच विसरलेला नसतो, तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो: पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. त्याला फुली नको, दशकाचा दांडा मोडून दहा सुटे करायला द्या. सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारं पोरही असंच. मराठीत आपण सात आधी बोलतो आणि वीस मागून, लिहिताना मात्र उलट. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' धर्तीचं वाचन आलं तेव्हा व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आला. मीही दोन पुढे ढकलले होते. पहिलीचा वर्ग हातात आला तेव्हा ढकलल्याचं वाईट वाटलं.

प्रशिक्षण संपल्यावर कोणी विचारायला येत नाही, ही खरी गोम. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात आणि नंतर पाठावर बोलतात. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, चौघांनी हे दोनदा करून पाहिलं, कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही, केंद्रप्रमुखांना फक्त कानावर घातलं. पाठ माझा होता, वजाबाकीचा. चांगला झाला असं वाटून मी हात झटकत होतो, तेवढ्यात मागे बसलेल्या बाई म्हणाल्या, "सर, खिडकीजवळचा तो मुलगा सगळी उत्तरं बरोबर देत होता ना, तो बाकाखाली काड्या मोजत होता. दशक त्याला अजून दिसतच नाहीये." तो मुलगा माझ्या हुशारांच्या यादीत होता.