आठव्या महिन्यातलं पाचारण

"ताई, देवानं मला खरंच बोलावलं होतं, की मीच माझ्या मनानं आले?"

व्हिडिओ कॉल लागून पाच मिनिटंही झाली नव्हती. परदेशातल्या मिशनच्या शाळेत दोन वर्षं शिकवायला गेलेली ही स्वयंसेवक शिक्षिका. तिला इथे ग्रेस म्हणते. नाव बदललंय आणि लिहायला तिची परवानगी आहे. आठवा महिना चालू होता. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिनं कॅलेंडर चिकटवलं होतं आणि रोज रात्री एकेक तारीख खोडत होती. आत अशासाठी, की कुणाला दिसू नये.

अशा सेवेला गेलेल्यांशी मी त्यांच्या अडचणींविषयी बोलत असते. हा प्रश्न त्यांच्याकडून मला बऱ्याचदा येतो आणि तो बहुधा पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धातच येतो. १९५५ साली स्वेरे लिसगोर या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञानं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे देशबांधवांचा अभ्यास केला. सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेले बऱ्यापैकी रुळले होते. मधलेच सर्वांत अडखळले होते. पुढच्या अभ्यासांत हा चढउतार सगळ्यांना लागू पडत नाही असंही दिसलं, पण ग्रेसला ते ऐकून हसू आलं. "म्हणजे मी वेळेवरच रडतेय!"

दर महिन्याला ती आपल्या मंडळीला, म्हणजे तिच्या चर्चमधल्या लोकांना, प्रार्थनापत्र पाठवायची: आपली खबरबात आणि आपल्यासाठी काय प्रार्थना करावी ते. मी ती वाचून घेतली. सगळीकडे स्तुती, आनंद, मुलांची गाणी. मंडळीनं वर्गणी काढून पाठवलंय, तर रडगाणं कसं लिहायचं, हे तिचं म्हणणं. "एक पत्र न पाठवण्यासाठी लिही," मी म्हटलं.

त्या पत्रात पाचारणाविषयी, म्हणजे देवाच्या बोलावण्याविषयी, जेमतेम दोन ओळी होत्या. बाकी सगळं वेळापत्रक: आठवड्याला सव्वीस तास, चार रात्री वसतिगृहाची पाळी, शनिवारी गायनाचा सराव, रविवारी संडे स्कूल. सुट्टीचा वार शोधून सापडेना. स्वयंसेवकाला कामाचे तास कुणी लिहून देत नाही आणि सेवा म्हटली की नाही म्हणायची चोरी, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

आणि शेवटी एका मुलाबद्दल होतं. दुसरीतला तो मुलगा पहिले दोन महिने तिला आधीच्या शिक्षिकेच्या नावानं हाक मारायचा. मग एकदा, पेन्सिलीला टोक करता करता, वर न बघताच त्यानं विचारलं, "तुम्ही कधी जाणार?" त्या रात्रीपासून ती तारखा खोडू लागली. घरची आठवण होतीच, पण हा सल वेगळा होता: आपणही जाणाऱ्यांतलेच एक.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "रतामाच्या झुडपाखालचा एलीया झालाय माझा." बायबलमधल्या एलीया संदेष्ट्यानं थकून त्या झुडपाखाली मरण मागितलं होतं, म्हणून मी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? नाही म्हणाली, झोपावंसं वाटतं. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नव्हे, बायबलची वचनं सांगणं माझं काम नाही. पण देवदूतानं एलीयाला उपदेश केला नव्हता. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं, एवढं तिला आठवून दिलं.

पाचारणाचा निर्णय आम्ही तीन महिने बाजूला ठेवला. तिनं मुख्याध्यापिकेशी बोलून वसतिगृहाच्या दोन रात्री सोडल्या, एक वार पूर्ण मोकळा घेतला आणि पुढच्या प्रार्थनापत्रात 'मी थकले आहे' असं लिहिलं. मंडळीतल्या एका आजींचं उत्तर आलं: इतके दिवस आम्ही तुझ्यासाठी काय मागावं तेच कळत नव्हतं.

प्रत्येकाला मी 'थांब' म्हणत नाही. पासपोर्ट काढून घेतलाय, कुणी अंगचटीला येतंय, किंवा दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेलीय आणि जगण्यातच रस उरला नाही, तर मुदतीची वाट बघू नये. एकाला मी पाचव्या महिन्यात परत यायला सांगितलं होतं आणि आजही तेच सांगेन.

ग्रेसनं दोन वर्षं पूर्ण केली. मुदत वाढवली नाही. जाण्याची तारीख मात्र तिनं वर्गातल्या फळ्यावर दोन महिने आधी लिहिली आणि तो मुलगा रोज उरलेले दिवस मोजून सांगायचा.

नव्या बाईंना तो बरेच दिवस 'ग्रेस मिस' म्हणत होता, असं मुख्याध्यापिकेनं तिला कळवलं.