एम्फिसेमात (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होण्याच्या आजारात) ब्रॉन्कोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालून, फुप्फुसात झडप बसवली तर दम लागणं कमी होतं का?

हो, कमी होऊ शकतं, पण ज्यांचं फिशर, म्हणजे फुप्फुसाचे दोन खंड वेगळे करणारी सीमा, पूर्ण आहे अशांनाच खरा फायदा होतो. या आजारात सर्वांत खराब झालेल्या खंडात हवा अडकते, तो फुगतो आणि शेजारच्या बऱ्या भागाला दाबतो. एकमार्गी झडप त्या खंडातली हवा बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. खंड आकसला की चांगल्या भागाला पसरायला जागा मिळते. फिशर अपुरं असेल तर शेजारच्या खंडातून हवा शिरतच राहते आणि सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून आधी सीटी स्कॅन बघतात. शंका असेल तर नळीच्या टोकावरचा फुगा फुगवून त्या खंडाची श्वासनलिका बंद करतात. त्या खंडातून नळीवाटे बाहेर येणारी हवा कमी होत होत थांबली, तर झडप उपयोगी पडण्याची शक्यता चांगली. ही तपासणी कशी केली, हे डॉक्टरांना जरूर विचारा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लिबरेट' अभ्यासात असे निवडलेले १९० रुग्ण होते. वर्षभरानंतर एफईव्ही-१ (जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) किमान १५ टक्के सुधारलेले रुग्ण झडपेच्या गटात सुमारे ४८ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात १७ टक्के. मात्र धोका लहान नाही: झडप बसवलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचून फुप्फुस दबणं) झाला, बहुतेकांना पहिल्या तीन दिवसांतच. त्यामुळे तेवढे दिवस रुग्णालयातच राहावं.